बुधवारची लेकरं

लेकरू झालं म्हटलं की लोक आधी विचारतात, मुलगा का मुलगी? गोपिकाबाईच्या घरात आधी विचारायचे, वार कोणता? मेंढरांमागं फिरणाऱ्या माणसांना तारखेशी काय घेणंदेणं? वार तेवढा ध्यानात राहायचा, कारण बाजार वारावर भरतो. सोमवारी झाला तो सोमा, मंगळवारची ती मंगळा, बुधवारचा बुधा. तिचा सासरा बुधाजी आणि चुलतसासरा सोमाजी. आता मेंढरं कमी झाली, धावडा गावच्या शिवारात कापूस आला, दोन हजार साल उलटलं, पोरींची नावं बेबीनंदा अशी झोकात ठेवायला लागले. पण जिभेचं वळण काही गेलं नाही. म्हणून त्या मंगळवारी दुपारी तालुक्याच्या दवाखान्यात पोरीला दाखल केल्यावर गोपिकाबाईनं शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीला सवयीनं विचारलं, "वार कोणता गं बाई?"

"बुधवार," ती म्हणाली.

पलीकडच्या खाटेवरची म्हणाली, "माझंबी बुधवारचंच."

खिडकीजवळ एक बाई कुशीवर वळायला बघत होती. पोटावर हात दाबून, दात आवळून. तिच्या सासूनं उत्तर दिलं, "आमचाबी बुधवारचाच बघा. देवाची कृपा."

गोपिकाबाई हसली. "आरं देवा! बुधवारी वाण वाटला का काय तुम्हाला?"

कुणी हसलं नाही. हसलं की टाके ओढतात.

हा दवाखाना नवा होता. गुलाबी रंगाचा, दारात फरशी, भिंतीवर गुटगुटीत पोराचं चित्र. तिथं लेकीला, बेबीनंदाला, आणायचं गोपिकाबाईच्या मनात नव्हतं. पण पहिलं बाळंतपण माहेरचं असतं आणि माहेरच्या माणसाच्या डोक्यावर त्या दिवसांत तलवार टांगलेली असते. विहीणबाईंनी, तुळजाबाईंनी, जालन्याहून निरोपच धाडला होता, "सरकारीत नेऊ नका. आमच्या शिवाजीची इज्जत हाय मिलमध्ये." शिवाजी जावई. लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीवर कामाला होता आणि पगारी माणूस म्हणून गावात त्याचं नाव होतं. धनी, धुळाजी, मेंढरं घेऊन खाली गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, गेल्ता. म्हणजे बरं झालं तर जावयाचं नशीब आणि वाईट झालं तर गोपिकाबाईचा गलथानपणा. सोमवारी बेबीनंदाच्या पोटात जरा कळ आली, जराशीच, येऊन गेली. पण गोपिकाबाईनं धीर सोडला. चूक झाली ती इथंच. मंगळवारी गावातल्या कचरूची जीप तालुक्याला निघाली होती, तीत पोरीला घातलं आणि कळा लागायच्या आधीच नेऊन खाटेवर बसवलं.

बेबीनंदाच्या डाव्या हाताच्या खाटेवर उषाबाई होती. राजूरकडची, कुणब्याची सून, तिचंही पहिलंच. पाय हलवत शेंगा खात बसली होती. "माझं उद्या ऑपरेशन हाय मावशी," ती म्हणाली. जसं कुणी म्हणावं, उद्या माझी गाडी हाय.

"कामून गं?"

"पोटात पाणी कमी झालंय म्हणे."

"कळा?"

"कळा कुठं आल्यात अजून?" आणि तिनं मूठभर शेंगा बेबीनंदाच्या ओटीत टाकल्या.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. नुसती थांबली नाही, करकचून थांबली. गोपिकाबाई दारात गेली. जीपच्या मागच्या फळीवर गोधडी टाकून एक बाई आडवी केली होती. चेहरा राखेसारखा. ओरडून ओरडून आवाज संपला होता तिचा, नुसता श्वास वाजत होता. लेकरू आडवं होतं, आदल्या दिवसापासून अडलं होतं. तिचा नवरा पायरीवर उभा राहून हात जोडत होता. आतून कंपाउंडर आला. त्यानं जीपमध्ये डोकावलंसुद्धा नाही.

"आज ऑपरेशन होत नाही. भूलवाले डॉक्टर नाहीत. जालन्याला न्या."

"सायेब, एवढ्या लांब ती टिकायची न्हाई…"

"मग इथं कशाला वेळ घालवताय? जल्दी करा."

मॅडम, म्हणजे दवाखान्याच्या मालकीण डॉक्टर, वरच्या गॅलरीत आल्या, खाली बघितलं, आत गेल्या. जीप धूळ उडवत निघून गेली. गोधडीच्या बाहेर आलेले त्या बाईचे पाय गोपिकाबाईला दिसले. भेगाळलेले, कापूस वेचणाऱ्या बाईचे पाय.

गोपिकाबाईचा सुरीला विरोध नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर शिकलेले लोक लगेच म्हणतात, अडाण्यांना ऑपरेशनची भीती वाटते. तिची धाकटी बहीण अशीच गेली होती. लेकरू आडवं, बैलगाडी, चिखलाची वाट. त्या वेळी पोट चिरणारं कुणी भेटलं असतं तर गोपिकाबाई त्याचे पाय धुऊन पाणी प्याली असती. सुरी ही देवाची देणगी आहे हे तिला एखाद्या डॉक्टरापेक्षा कमी कळत नव्हतं.

दिवस कलला तशी ती तांब्या घेऊन मागच्या नळावर गेली. तिथं आया साळूबाई चादरी आपटत होती आणि कुणावर तरी चिडली होती.

"कुणावर तापलीस गं?"

"बुधवारावर," साळूबाई म्हणाली. "उद्या माझ्या कंबरड्याचा भुगा होतो. रक्ताच्या चादरी धू धू धुवा. बाकीचे दिवस बसून खायचं आन् बुधवारी मरायचं."

"बुधवारीच कामून?"

"अगं, भूलवाला जालन्याहून बुधवारीच येतो. आला की एकामागं एक, एकामागं एक. सहाला त्याला दुसरीकडं जायचं असतं. गेल्या टायमाला तर मधी च्यासुदिक पेला न्हाई बिचारा."

गोपिकाबाई तांब्या भरायचा विसरली. आत सगळ्या बुधवारच्या बाळंतिणी कण्हत होत्या. शेंगा खाणाऱ्या उषाबाईचं उद्या ऑपरेशन. आणि जिला खरंच पाहिजे होतं तिची जीप एव्हाना कुठल्या खड्ड्यात आदळत असेल देव जाणे. का? तर ती मंगळवारी अडली. बाई, तुला अडायला बुधवार सापडला नाही का?

बुधवारी तांबडं फुटताना बेबीनंदाला खऱ्या कळा सुरू झाल्या. पहिली आली तशी तिनं आईचं मनगट धरलं. "माय, ही येगळी हाय गं." गोपिकाबाईला बरं वाटलं. ती पोरीला उठवून व्हरांड्यात फिरवायला लागली. कळ आली की बेबीनंदा खांबाला टेकायची, गेली की आईला म्हणायची, "भूक लागली." भूक लागणारी पोरगी मरत नसते, हे गोपिकाबाईला ठाऊक होतं.

मॅडम दहाच्या सुमाराला आल्या. ओल्या केसांचा वास, हातात रुमाल. आवाज मात्र गोड. पोटावर हात ठेवला, कानात नळी घातली, काढली.

"बाळाचे ठोके कमी होतायत. नाळ गळ्याभोवती असणार. थांबून चालणार नाही, सिझर करावं लागेल. नवऱ्याला बोलवून घ्या, सही लागते."

बेबीनंदाचा चेहरा पांढरा पडला. कंपाउंडरनं जालन्याला मिलमध्ये फोन लावलाही.

"मॅडम," गोपिकाबाई म्हणाली, "लेकराला लई धोका हाय का?"

"हो."

"मंग आत्ताच करा."

"भूलवाले डॉक्टर तीनला येतील. आल्यावर लगेच करू."

"तीनपतूर धोका थांबतो का मंग?"

मॅडमनी तिच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. इतका वेळ त्या तिच्या अंगावरून बघत होत्या.

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काय म्हणता येतं मॅडम. काल एक बाई आल्ती, लेकरू आडवं होतं. तिला म्हणले जालन्याला न्या. माझ्या पोरीच्या लेकराला धोका हाय तर तिलाबी म्हणा जालन्याला न्या. मी आत्ता नेते. तीनची वाट कामून बघायची? आन् या उषाला तर कळाबी न्हाईत, तीबी आजच. ह्या समद्या गेल्या बुधवारच्या. एकबी सोमवारची न्हाई, शनवारची न्हाई. सोमवारी काय बायकांची नाळ गळ्यात पडत न्हाई का?"

खिडकीजवळची सासू डोळे वटारून गोपिकाबाईकडं बघत होती. हिच्यापायी आपल्यालाही हाकलतील की काय, अशी.

मॅडमचा आवाज चढला नाही. उलट खाली आला. "हे बघा बाई, तुम्ही किती शिकलात?"

"शाळंची पायरी चढले न्हाई."

"मग? बाळाला काही झालं तर जबाबदार तुम्ही. सगळ्यांसमोर सांगते. तुमच्या हट्टामुळं बाळ दगावलं असं मी लिहून देईन."

आणि त्या गेल्या.

खरी सुरी ती हीच. पोट चिरणारी सुरी नंतर येते. आधी हे एक वाक्य येतं, *जबाबदार तुम्ही*, आणि माणसाची जीभ मुळापासून कापून टाकतं. या एका वाक्यावर किती पोटं चिरली गेली असतील त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही आणि ठेवणारही नाही. आई गप्प होते, नवरा गप्प होतो, सासू देवाचं नाव घेते आणि सही होते. वर पुन्हा हात जोडायचे, मॅडम, तुमच्यामुळं वाचलो. वाघानं शेळी खाल्ली आणि शेळीच्या धन्यानं वाघाला नारळ फोडला!

दुपार व्हायच्या आत शिवाजी आणि तुळजाबाई येऊन पोचले. शिवाजी मिलमधल्या कपड्यांवरच आला होता, भुवया भट्टीच्या धगीनं जळालेल्या. तुळजाबाईंनी आल्या आल्या सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि विहिणीला म्हणाल्या, "काय खाऊ घातलं व्हो तुम्ही हिला, ही पाळी कामून आली?"

गोपिकाबाईनं ते गिळलं. शिवाजीला व्हरांड्यात नेऊन तिनं सगळं सांगितलं. कालची जीप, भूलवाला, बुधवार, साळूबाईच्या चादरी. तो ऐकत होता, पण त्याचं मन कंपाउंडरच्या हातातल्या कागदावर होतं.

"मामी, तुम्हाला जास्त कळतं का डॉक्टरला?"

"मला डॉक्टरकी कळत न्हाई जावईबापू. वार कळतो."

"आवो, सोय असती त्यांची. आमच्या मिलमध्येबी मेंटेनन्सचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी समद्या मशिनी खोलतात. बिघडलेल्या असू देत का नसू देत."

"माझी पोरगी काय तुमची मशीन हाय?"

शिवाजी ओशाळला. पण मागं तुळजाबाई उभ्या होत्या. "इहीणबाई, तुम्हाला खर्च्याची भीती वाटून राह्यली का? तसं असंल तर सांगा, ऑपरेशनचं आम्ही भरू. लेकरू आमचं हाय. उद्या काय झालं तर लोक म्हणतील, माहेरच्यांनी चिंगूसपणात मारलं."

हे असं असतं. खरं बोलायला गेलं तर चिंगूस. गोपिकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. आतून बेबीनंदाचा आवाज आला, "मायऽऽ" आणि कळ ओसरल्यावर, "माय, मला न्हाई कापून घ्यायचं गं." शिवाजीनं तो आवाज ऐकला. मान खाली घातली आणि खिशातून पेन काढलं.

गोपिकाबाईची नजर समोरच्या भिंतीवर गेली. भिंतीवर कॅलेंडर होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण पांढरा गोल म्हणजे पुनव आणि काळा गोल म्हणजे आवस, एवढं मेंढक्याच्या बायकोला कळतं. आजच्या चौकोनात काळा गोल होता. तिनं उभ्या जन्मात आवस पाळली नव्हती. मेंढी काय आवस बघून वीत नाही, आणि आवसेची कोकरं काही लंगडी निपजत नाहीत. पण हे तिचं झालं. तुळजाबाई देवदेव करणाऱ्या होत्या. आणि आल्यापासून त्यांचे डोळे चारदा त्या कॅलेंडरकडं जाऊन आले होते, हे गोपिकाबाईनं हेरलं होतं. बाईच्या मनात होतंच. डॉक्टरीणबाईपुढं बोलायची लाज वाटत होती.

"इहीणबाई," गोपिकाबाई आवाज बारीक करून म्हणाली, "माझं सोडा. पण आज आवस हाय."

तुळजाबाई दचकल्या. "व्हय की."

"आपल्या घराण्यातलं पहिलं लेकरू. आपल्या हातानं, सुरी लावून, आवसंला काढायचं? देवानं धाडलं तर गोष्ट येगळी. आपण मुद्दाम वढून काढायचं?"

"मीबी तेच म्हणत होते मघापासून," तुळजाबाई म्हणाल्या. मघापासून त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. "शिवाजी! ठेव तो पेन."

"आई, डॉक्टर म्हणून राह्यले ठोके…"

"तुझ्या जन्माच्या टायमाला ठोके कुणी मोजले व्हते रं? आवसंला सुरी बिलकुल न्हाई. ही घराची गोष्ट हाय."

मॅडमना बोलावलं गेलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अमावस्या! अरे, कुठल्या काळात राहता तुम्ही? म्हणूनच या भागात सुधारणा होत नाही." याच मॅडमनी गेल्या महिन्यात धान्याच्या मोंढ्यातल्या बड्या आडत्याच्या सुनेचं पोट गुरुपुष्याचा योग साधून, भटजींनी सांगितलेल्या घटकेला उघडलं होतं. त्यासाठी भूलवाला गुरुवारीसुद्धा आला होता. तिथं शास्त्र होतं, इथं अंधश्रद्धा. गाडीवाल्याची श्रद्धा आणि पायी चालणाऱ्याची अंधश्रद्धा!

"आमच्या जबाबदारीवर नेतो असं लिहून द्या," मॅडम म्हणाल्या.

शिवाजी घुटमळला. गोपिकाबाईनं अंगठा पुढं केला. "माझा घ्या. जबाबदार मीच हाय म्हणत होता न्हवं सकाळी?"

त्यांनी बेबीनंदाला उठवलं, बोचकं बांधलं. निघताना उषाबाईनं गोपिकाबाईचा पदर धरला. शेंगांची टरफलं अजून तिच्या खाटेखाली पडलेली होती. "मावशी, मीबी येऊ का? मला तर कळाबी न्हाईत."

"चल की गं," गोपिकाबाई म्हणाली. पण उषाबाईचा नवरा भिंतीला टेकून उभा होता, तो म्हणाला, "गप बस. आमची सही झाली." आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. भूलवाला वेळेआधीच आला होता. कंपाउंडर धावला. साळूबाईनं पुसणं उचललं. उषाबाईनं पदर सोडला.

तो सुटलेला पदर गोपिकाबाईला पुढं कितीतरी दिवस सलत राहिला. एकीला सोडवलं. तिथं ओळीनं बसलेल्या होत्या, त्यांचं काय?

सरकारी दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं होता. तिथलं काय सांगावं! बाजेची पट्टी तुटलेली, बल्ब गेलेला, पाण्याच्या टाकीला झाकण नाही. डॉक्टर ट्रेनिंगला गेल्ते, आणि ते कधी येणार हे डॉक्टरलाही माहीत नसावं. या असल्या उकिरड्यामुळंच त्या गुलाबी भिंती उभ्या राहतात, हेही सांगून टाकलं पाहिजे. सरकारनं इकडं अंधार करायचा आणि तिकडच्यांनी त्या अंधारात दुकान मांडायचं.

पण एक सिस्टर होती. तोंडानं फटकळ. "आता आल्यात? तिकडचं रंगरूप बघून झालं वाटतं?" असं म्हणत तिनं बेबीनंदाला आडवं केलं, लाकडी नळकांडं पोटाला लावून कान टेकवला आणि बराच वेळ तशीच राहिली. गोपिकाबाईच्या मनात आलं, आपण खोटं बोलून आणली. आता ही बाई म्हणाली की ठोके कमी आहेत, तर? तर काय? तो अंगठा आयुष्यभर जळत राहील.

"ठोके बराबर आहेत," सिस्टर म्हणाली. "चांगले आहेत. पहिलटकरीण आहे, वेळ लागणार. फिरवा तिला. काही अडलं तर जालन्याला पाठवीन. गाडीत डिझेल असलं तर."

मंग बेबीनंदा फिरली. दवाखान्याच्या आवारात बाभळीखाली, एका बाजूला आई, एका बाजूला सासू. दर थोड्या वेळानं सिस्टर येऊन नळकांडं लावून जायची. कळा दाट झाल्या तसं बेबीनंदानं सासूच्या दंडावर नखं रोवली. तुळजाबाई कळवळून म्हणाल्या, "अगं, माझं कातडं काढतीस का काय?" आणि त्या कळेतही बेबीनंदाला हसू आलं.

दिवेलागणीला बेबीनंदा मोकळी झाली. पोरगी झाली. टाहो असा फोडला की बाहेरच्या पानटपरीवरचा माणूस वळून बघायला लागला. नाळ गळ्यात नव्हती. गळ्यातच काय, गळ्याच्या आसपासही नव्हती.

सिस्टरनं पोरगी फडक्यात गुंडाळून बाहेर आणली. शिवाजीनं हात पुढं केले, आणि तुळजाबाईंनी त्याचा हात धरला.

"थांब. आवस सुटली का?"

सिस्टर म्हणाली, "अमावस्या उद्या दुपारपर्यंत आहे. घ्या तरी, मला काम आहे."

तुळजाबाई गोपिकाबाईकडं वळल्या. "आवस टाळायला हितं आणली, आन् आवसंलाच झाली. त्यात पोरगी. तुम्हीच म्हणला व्हता न्हवं घराण्यातलं पहिलं लेकरू म्हणून? आता काय करायचं हिचं?"

गोपिकाबाईनं सिस्टरच्या हातातून पोर घेतलं. दिवसभर बारीक केलेला आवाज तिनं मोकळा सोडला.

"काय करायचं? दूध पाजायचं. आवस-बिवस मी मानतच न्हाई इहीणबाई. मी खोटं बोलले तुमच्याशी. माझी पोरगी मला फाडू द्यायची नव्हती, म्हणून बोलले."

"खोटं?" शिवाजी म्हणाला. "मामी, तुम्ही आम्हाला फसवून आणलं?"

"फसवलं. आन् बापू, सकाळी खरं सांगितलं तवा काय केलं तुम्ही? पेन काढला. जीप सांगितली, वार सांगितला, चादरी सांगितल्या. माझी पोरगी आतून वरडून सांगत होती, मला न्हाई कापून घ्यायचं. एकानं कान दिला का? खरं बोलले तर मी चिंगूस, मी अडाणी. आवस म्हणलं की समदे उठून उभे राह्यले. तुम्हाला खरं चालत न्हाई त्याला मी काय करू?"

शिवाजीच्या जळक्या भुवया वर गेल्या आणि तशाच राहिल्या. तुळजाबाई लाल झाल्या. "असली माणसं म्हायती असती तर सोयरीकच केली नसती," असं म्हणून बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. बसून राहिल्या, पण जालन्याची शेवटची गाडी त्यांनी धरली नाही. थोड्या वेळानं आत येऊन त्या उभ्या राहिल्या. बेबीनंदा आपली आपण उठून, पाय खाली सोडून बसली होती आणि पोरीला छातीशी लावत होती. तुळजाबाईंनी ते बघितलं. पोट चिरलेली त्यांच्या भावाची सून महिनाभर दुसऱ्यानं धरल्याशिवाय उठत नव्हती. पण हे त्या बोलल्या नाहीत. "पाठीला गोधडी लाव गं," एवढंच म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. गोपिकाबाईनं गोधडी लावली. विहिणी-विहिणींचं बोलणं मात्र तुटलं ते तुटलंच. बारशाला तुळजाबाई आल्या, नाव आत्यानं ठेवलं, जेवून गेल्या. गोपिकाबाईच्या हातचा विडा घेतला नाही.

गोष्ट मात्र धावड्यात लपून राहिली नाही. गोपिकाबाईनं आवसेच्या जोरावर पोर सोडवली म्हणून बायका नळावर हसायच्या, पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या. कापूस निघायला लागला त्या सुमाराला गल्लीतली पुष्पाबाई तिच्या ओसरीवर येऊन बसली. तिची लेक दिवस भरलेली होती, त्याच दवाखान्यात नाव घातलेलं होतं, आणि मॅडमनी पुढच्या बुधवारी येऊन पडा म्हणून सांगितलं होतं.

"काय म्हणून?" गोपिकाबाईनं विचारलं.

"लेकरू मोठं हाय म्हणे. मागल्या घरच्या सुनंला सांगितलं व्हतं, लेकरू बारीक हाय."

"आन् तिलाबी चिरलं?"

"तिलाबी चिरलं."

मंग पुष्पाबाईनं हळूच विचारलं, "गोपिकाबाई, तू आवस सांगितलीस. बराबर केलंस. पण आवस तर महिन्यातून एकदाच येती. पुढच्या बुधवारी तर नुसती सप्तमी हाय. बाकीच्या बुधवारी काय सांगायचं गं?"

गोपिकाबाई मनातल्या मनात तिथी चाळायला लागली. एकादशी सांगावी? ग्रहण सांगावं? किती खोटं शोधायचं माणसानं, स्वतःच्या पोरीचं पोट शाबूत ठेवायला? तिचा संताप पुन्हा तसाच वर आला, त्या दिवशी व्हरांड्यात आला होता तसा. तिनं हातातलं सूप आदळलं. कापसाची बोंडं ओसरीभर झाली.

"काय न्हाई सांगायचं," ती म्हणाली. "पोरीला कळा येऊ दे. आल्या की मला हाक मार, मी येते. आन् तिथं त्या बाईला सगळ्या बायकांच्या म्होरं विचारू, सोमवारी तुमच्या दवाखान्यात काय होतं म्हणून. तुझ्या जावयालाबी आण. त्याचं पेन तेवढं घरी ठेवायला सांग."

"आन् ती म्हणली जबाबदार तुम्ही, तर?"

"तर म्हणायचं, व्हय." गोपिकाबाई बोंडं गोळा करायला वाकली. "म्हणायचं, आम्हीच. तिच्या आईच हाव आम्ही, दुसरं कोण असणार?"